रसायनशाळेत डक्ट कूलर की स्प्लिट एसी?

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की गावाकडच्या कॉलेजातली जुनी विज्ञान इमारत भट्टीसारखी तापते. प्रयोगशाळेला गारवा हवा आणि वाफा बाहेर जायलाही हव्यात.

रसायनशाळेसाठी माझं मत डक्ट कूलरला. तो बाहेरची हवा ओल्या पॅडमधून आत ढकलतो, आतली हवा खिडकी-एक्झॉस्टवाटे निघून जाते. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्यामुळे आम्लाच्या, अमोनियाच्या वाफा तिथंच घुटमळतात. एक्झॉस्ट लावावा तर विकत घेतलेला गारवाही बाहेर. वीजबिल पाहून प्राचार्य काय म्हणतील, ते सांगायला नको! (फ्यूम हूड, म्हणजे प्रयोगातल्या घातक वाफा जागीच ओढून बाहेर टाकणारं कपाट, कशानेही टळत नाही, तो वेगळा बसवावाच लागतो.)

कूलरची खोड पाण्याची. नेमकी बोअर आटते तेव्हाच तो पाणी मागतो, क्षारांनी पॅड कडक होतात आणि जुलैच्या दमट हवेत तो नुसता पंखाच उरतो.

उपकरणांच्या खोलीत मात्र एसीच. डिजिटल तराजू, स्पेक्ट्रोफोटोमीटर यांना ओलावा चालत नाही. दीड टनी एसी साधारण दीड किलोवॅट ओढतो, तेव्हा आधी जुनी वायरिंग तपासून घ्या.