ओसीटी घेऊन वर्ष उलटलं: मशीनला पैकीच्या पैकी, डोंगलला भोपळा

सिंहगड रस्त्यावरच्या माझ्या डोळ्यांच्या दवाखान्यात मागच्या वर्षी ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचे, म्हणजे रेटिनाचे, उभे काप दाखवणारा स्कॅन) आणि फंडस कॅमेरा (त्याच पडद्याचा रंगीत फोटो काढणारा) एकत्र असलेलं मशीन घेतलं. स्पेक्ट्रल डोमेन, 5 मायक्रॉनच्या आसपास रिझोल्यूशन, 45 अंशांचा रंगीत फोटो वगैरे सगळं ब्रोशरमध्ये आहे, आणि या किमतीच्या मशीनमध्ये थोड्याफार फरकाने तेच मिळतं, त्यामुळे ते परत लिहीत नाही. अनुभव लिहायचं कधीपासून मनात होतं. गेल्या महिन्यात मशीन बंद पडलं आणि मुहूर्त लागला.

खरं तर मशीन बंद पडलंच नाही. गुरुवार होता. दुरुस्तीसाठी पुण्यात गुरुवारी लाईट जाते हे कोणाला सांगायला नको. त्या दिवशी यूपीएसनेही मान टाकली आणि मशीनशेजारचा कॉम्प्युटर चालू होईना. मशीनची ऑप्टिक्स ठणठणीत, मोटर ठणठणीत. मेला तो डेस्कटॉप, कुठल्याही बँकेच्या काउंटरवर असतो तसला काळा डबा. त्यातली एसएसडी उडाली होती. इंजिनिअरने पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, हा मेडिकल ग्रेड पीसी आहे, पूर्ण युनिटच बदलावं लागेल." कोटेशन आलं सव्वा लाख अधिक 18 टक्के जीएसटी. तीच एसएसडी तापकीर गल्लीत चार-पाच हजारांत मिळते. पण डब्यावर कंपनीचं सील, आणि सील फोडलं की वॉरंटी गेली.

"बॅकअप आहे ना?" त्याने विचारलं. होता. रोज रात्री बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप जातो, आणि ती डिस्क माझ्या हातात होती. पण त्यातल्या फाईली फक्त कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, सॉफ्टवेअर फक्त डोंगल (सॉफ्टवेअरची किल्ली असलेली छोटी काडी) लावल्यावर उघडतं, आणि डोंगल त्या एकाच पीसीशी बांधलेलं. म्हणजे शेकडो पेशंटांचे स्कॅन सुखरूप, आणि मला त्यातला एकही बघता येत नाही. पेशंट माझे, मशीनचे हप्ते माझे, फोटो मात्र कंपनीच्या परवानगीने बघायचे.

यावर माझा इतका संताप का, हे फक्त मोतीबिंदू करणाऱ्यांना कदाचित कळणार नाही. काचबिंदूच्या पेशंटचा आजचा स्कॅन एकटा फारसं काही सांगत नाही. डोळ्याच्या नसेच्या तंतूंचा थर आज 78 मायक्रॉन आहे, बरं, मग? मागच्या वर्षी 80 होता की 92, यावर औषध वाढवायचं की नाही ते ठरतं. जुने स्कॅन नसतील तर लाखो रुपयांचं मशीन परत पहिल्या दिवसावर येतं.

या डोंगलशी माझं भांडण मशीन आलं त्या आठवड्यापासूनचं आहे. ओसीटीची खोली पॅसेजच्या त्या टोकाला, माझी तपासणीची खोली या टोकाला. स्कॅन माझ्या टेबलावर दिसावेत एवढीच अपेक्षा. तर म्हणे दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघायला व्ह्यूअर लायसन्स वेगळं, डायकॉम एक्स्पोर्ट (स्कॅन दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडतील अशा रूपात बाहेर काढणं) वेगळं, आणि दोन्हींचे पैसे वेगळे. विकताना आलेल्या गृहस्थांनी चहा दोनदा घेतला, पण हे एकदाही सांगितलं नाही. फुकट मिळते ती रिपोर्टच्या पानाची जेपीजी. त्या पानावर मॅक्युलाच्या (पडद्याचा मधला, बारीक बघायचा भाग) मधोमध काढलेला एकच काप असतो, आणि आजार बहुतेक वेळा त्याच्या थोडा वर किंवा थोडा खाली लपलेला असतो. सगळे काप एकामागून एक सरकवत पाहिल्याशिवाय ओसीटी पाहिलं असं म्हणूच नये.

सुरुवातीला आमची ऑप्टोमेट्रिस्ट मशीनच्या स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढून मला पाठवायची. त्यात ट्यूबलाईटचं प्रतिबिंब बरोब्बर मॅक्युलावर. शेवटी तापकीर गल्लीतून पंधरा मीटरची एचडीएमआय केबल आणि एक स्प्लिटर आणला, घरचा जुना टीव्ही माझ्या खोलीत भिंतीला लावला, आणि मशीनच्या पीसीची स्क्रीन जशीच्या तशी तिथे आणली. वायरलेस माऊस दोन भिंतींपलीकडून चालेना, म्हणून यूएसबीची लांब वायरही पॅसेजच्या छतातून ओढली. याला लायसन्स लागत नाही. लागणारा खर्च व्ह्यूअरच्या एका वर्षाच्या जीएसटीएवढाही नव्हता. कंपनीचा माणूस आला तेव्हा त्याने छताकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं, आणि विषय बदलला.

आता मशीनबद्दल. त्याचं कौतुक करायला लागले की मला थांबवावं लागतं.

मी शिकत होते तेव्हा विभागात टाइम डोमेनचं, म्हणजे जुन्या पिढीचं, ओसीटी मशीन होतं. ते सेकंदाला 400 ए-स्कॅन (पडद्याच्या जाडीतून जाणाऱ्या एकेक रेघा, त्या जोडून काप बनतो) घ्यायचं, तोवर सत्तरीच्या आजोबांची नजर तीनदा फिरून यायची. आताचं मशीन सेकंदाला पन्नास हजारांच्या वर घेतं. आजोबांनी पापणी मिटायच्या आत काम झालेलं असतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी मॅक्युलाचा स्कॅन मी आता नेमाने करते, आणि माझ्या मते मशीनचे पैसे इथेच वसूल होतात. मोतीबिंदूआडून पडद्यावरची पातळ झिल्ली नुसत्या भिंगातून निसटते, स्कॅनमध्ये निसटत नाही. ऑपरेशननंतर "नंबर नीट का येत नाही?" हा प्रश्न यायच्या आधीच उत्तर सांगून ठेवलेलं असलं की दवाखान्यातली बरीच भांडणं टळतात.

बाहुली मोठी करायचा ड्रॉप न टाकता फोटो निघतो, या दाव्यावर मात्र माझं मत दोनदा बदललं. सुरुवातीला वाटलं, विक्रेता एवढं एक तरी खरं बोलला. नांदेड सिटीतले, धायरीतले तिशी-चाळिशीचे लोक, मोठ्या बाहुल्या, सुंदर फोटो. दुपारी एकटे स्कूटरवर आलेले असतात, बाहुली मोठी केली तर चार-पाच तास धूसर दिसणार, म्हणजे रिक्षाचं भाडं. त्यांना हे वरदानच. मग जवळपासच्या फिजिशियन मंडळींनी मधुमेहाचे पेशंट पाठवायला सुरुवात केली. देशात 10.1 कोटी मधुमेही असल्याचं आयसीएमआरच्या 2023च्या अहवालात होतं, त्यातले आपल्या वाट्याचे या रस्त्यावरही आहेतच. वीस वर्षांचा मधुमेह, बाहुली तीन मिलिमीटरचीही नाही, त्यात मोतीबिंदू. फोटोच्या कडा काळ्या, मध्ये धुकं. अशा वेळी मुकाट्याने ट्रॉपिकामाइडचा ड्रॉप टाकायचा आणि अर्धा तास बसवायचं.

पण मत पुन्हा थोडं मागे आलं, कारण निम्मे खराब फोटो बाहुलीमुळे नव्हे तर क्रमामुळे येत होते. कॅमेऱ्याचा फ्लॅश उजव्या डोळ्यात पडला की डाव्या डोळ्याची बाहुलीही त्याच क्षणी आकसते. मग डाव्याचा फोटो घाईत काढला की तो गेलाच. ओसीटीचा प्रकाश इन्फ्रारेड, त्याने बाहुली फारशी हलत नाही. म्हणून आम्ही आता आधी दोन्ही डोळ्यांचं ओसीटी करतो, मग एका डोळ्याचा रंगीत फोटो, मग पेशंटला अंधारातच गप्पा मारत चार-पाच मिनिटं बसवून दुसऱ्याचा. खोलीला रविवार पेठेतून आणलेल्या काळ्या कापडाचे दुहेरी पडदे केले. डोळे कोरडे असतील तर स्कॅनआधी कृत्रिम अश्रूंचा एक थेंब आणि दोनदा पापण्या मिटायला सांगणं, एवढ्यानेही सिग्नल (स्कॅन किती स्वच्छ आला त्याचा आकडा) 5 वरून 7-8 वर जातो. डोळ्याचा दाब मात्र सगळं झाल्यावर मोजायचा. हे ट्रेनिंगला आलेल्या माणसाने सांगायला हवं होतं. त्याने हनुवटीचा पट्टा वर-खाली कसा करायचा ते सविस्तर शिकवलं.

पावसाळ्यात आणखी एक गंमत झाली. प्रत्येक फोटोत वर डावीकडे एक करडा, गोल डाग दिसायला लागला. एखाद-दुसऱ्या पेशंटमध्ये तो पडद्यावरचा डागच वाटला असता. ऑप्टोमेट्रिस्टच्या लक्षात आलं की डाग उजव्या डोळ्यातही त्याच जागी, डाव्यातही त्याच जागी, आणि पेशंटने नजर फिरवली तरी हलत नाही. पुढच्या भिंगावरची धूळ, बाकी काही नाही. उड्डाणपुलाच्या कामात या रस्त्याने जी धूळ खाल्ली ती अजून आमच्या खिडक्यांतून संपलेली नाही. ब्लोअर आणि लेन्स पेपरने डाग गेला. दमट हवेत भिंगांना बुरशी धरते ती मात्र पुसून जात नाही, म्हणून कव्हरखाली सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि त्यांचा रंग बदलला की भाजून परत वापरतो.

टीव्हीचा दुसरा फायदा मला अपेक्षित नव्हता. पेशंटला तोच स्कॅन समोर मोठा दिसतो. मॅक्युलाला सूज असलेल्या एका आजींना दाखवलं, "आजी, हे काळे फुगे दिसतायत ना, हे पडद्यात साठलेलं पाणी."

"अगं बाई, एवढं? मी तर सुईत दोरा ओवता येईना म्हणून आले होते."

दोन इंजेक्शनांनंतर त्याच टीव्हीवर फुगे जवळजवळ गेलेले. आजी खूश, मुलगा त्याहून खूश, आणि त्याचा पुढचाच प्रश्न, "मग मॅडम, आता तिसरं नको ना?" जे चित्र इंजेक्शनला तयार करतं तेच थांबायलाही निमित्त देतं. आता मी फुगे परत आलेल्या एका जुन्या पेशंटचा स्कॅन नाव झाकून तयार ठेवते आणि दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दाखवते.

रिपोर्टवरच्या लाल-हिरव्या रंगांचं सांगितलंच पाहिजे. हिंजवडीला नोकरी करणारा, उणे 7 नंबरचा मुलगा हेल्थ चेकअपचा रिपोर्ट घेऊन येतो, त्यावर लाल पट्टे, आणि रात्रभर इंटरनेट वाचून झालेलं. लाल म्हणजे त्या वयाच्या निरोगी लोकांच्या डेटाबेसमध्ये सगळ्यात पातळ 1 टक्क्यात बसणारी जाडी, एवढाच अर्थ. मोठ्या उणे नंबरच्या लांबट डोळ्यात तंतूंचे जाड पुंजके कानाच्या बाजूला सरकलेले असतात, मशीन त्यांना नेहमीच्या जागी शोधतं आणि सापडले नाहीत की लाल करतं. उलटही होतं. मुळात जाड थर असलेल्या माणसाचं बरंच नुकसान होऊनही रिपोर्ट हिरवाच राहतो. आणि आजार फार पुढे गेला, थर 50-55 मायक्रॉनवर आला, की त्याखाली आकडा फारसा उतरतच नाही, मग फील्ड टेस्टवरच (नजरेचा परीघ मोजणारी तपासणी) विसंबावं लागतं. रंग बघून औषध सुरू करणाऱ्यांनी निदान आधीचा स्कॅन उघडून पाहावा. म्हणजे आलो परत डोंगलवर.

45 अंशांच्या फोटोवर भिस्त ठेवून कोणी 20डी भिंग (पडद्याच्या कडा बघायचं हातातलं भिंग) कपाटात टाकणार असेल तर टाकू नये. डोळ्यासमोर माश्या आणि वीज चमकल्यासारखं सांगणाऱ्या पेशंटचं छिद्र पडद्याच्या कडेला असतं, या कॅमेऱ्याच्या फोटोत ते येत नाही. 200 अंशांचं, पडद्याचा 80 टक्क्यांहून जास्त भाग एका झटक्यात दाखवणारं ऑप्टॉसचं मशीन ज्या डग्लस अँडरसन यांनी घडवलं, त्यांच्या मुलाची एका डोळ्याची नजर पडदा सरकल्याचं वेळेत न कळल्यामुळे गेली होती. ते मशीन माझ्या ऐपतीबाहेरचं. त्यातही वरच्या-खालच्या पापण्यांचे केस फोटोत येतात. तेव्हा बाहुली मोठी करून, पेशंटला आडवं झोपवून, कडेकडेने बघणं चालूच आहे.

फोटोंवरून एआयने आजाराचं आपोआप ग्रेडिंग करणारं सॉफ्टवेअरही मला सुचवलं गेलं, वर्षाच्या वर्गणीवर. जिथे नेत्रतज्ज्ञ नाही अशा तालुक्याच्या ठिकाणी ते उपयोगी आहे यात शंका नाही. माझ्याकडे मी आहे.

सव्वा लाखाचं काय झालं? आठवडाभर ईमेल झाले, फोन झाले, "वर बोलून सांगतो" झालं. मी एकच मुद्दा धरून ठेवला: वॉरंटीत ऑप्टिक्स येते आणि कॉम्प्युटर येत नाही असं बिलावर कुठे लिहिलंय ते दाखवा. लिहिलेलं नव्हतं. पीसी बदलून मिळाला, डोंगल नव्या पीसीशी जोडून मिळालं, जुने स्कॅन परत आले. आता सीएमसीच्या, म्हणजे सुट्या भागांसकट देखभालीच्या, करारात तीन ओळी पेनने घालून सही मागितली आहे: पीसी आणि डोंगल सुट्या भागांत धरायचे, पीसी बिघडल्यास दोन दिवसांत पर्यायी पीसी द्यायचा, आणि करार संपला तरी जुने स्कॅन उघडणारं सॉफ्टवेअर चालू राहिलं पाहिजे. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीवर "लीगलला पाठवलंय".

हनुवटीखालचे कागदही कंपनीकडूनच घ्या असा आग्रह होता. पट्टीवरच्या दोन खिळ्यांमधलं अंतर मोजून अप्पा बळवंत चौकातल्या एका छापखान्याकडून तसेच कापून, भोकं पाडून घेतले. पाचशेचा गठ्ठा, कंपनीच्या पाव किमतीत. कागद थोडा जाड आहे, पण एकाही पेशंटने तक्रार केलेली नाही.