प्रबंधाची हेडिंगं: हातानं बोल्ड, स्टाईल का आउटलाइन लेव्हल?

नांदेडला धाकट्या बहिणीचा प्रबंध सेट करून द्यायलोय सध्या. अडीचशेच्या वर पानं, अन् सगळी हेडिंगं पोरीनं हातानं बोल्ड करून साईज १८ देऊन ठेवलेली. "दादा, दिसायला तर बरोबर दिसायलंय ना?" दिसायला बरोबरच आहे, पण वर्डला त्यातलं काहीच कळत नाही, त्याच्यासाठी तो नुसता जाड मजकूर, त्यामुळं अनुक्रमणिका टाकली की एकबी एंट्री येत नाही. चार पानाच्या अर्जाला हाताचं काम ठीक आहे, प्रबंधाला नको.

आता स्टाईल, म्हणजे दिसण्याचा नाव दिलेला तयार साचा. प्रकरणाला हेडिंग १, आतल्या मुद्द्याला हेडिंग २, कंट्रोल-अल्ट-१ अन् २ दाबलं की लागतं. गाइड म्हणले तिसरं प्रकरण दुसऱ्याच्या आधी घ्या, तर नेव्हिगेशन पेनमधी (बाजूला हेडिंगांची यादी दाखवणारी पट्टी) नाव धरून वर ओढायचं, अख्खं प्रकरण सोबत सरकतं. दिसणं बदलायचं असलं तर स्टाईल एकदाच मॉडिफाय करायची, अन् इथंच आपले मराठीवाले फसतात बघा: फॉन्टच्या खिडकीत वरच्या लॅटिन टेक्स्टच्या खान्यात फॉन्ट-साईज बदलत बसतात अन् देवनागरी ढिम्म हलत नाही, कारण तिच्यासाठी खाली कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा वेगळा खाना असतो. कृतिदेवमधी (युनिकोड नसलेला जुना फॉन्ट) टाईप केलं असलं तर अजून पंचाईत. अनुक्रमणिकेच्या स्टाईलला तोच फॉन्ट देऊन भागवता येतं एकवेळ, पण नेव्हिगेशन पेनमधी गिचमिडच दिसणार. प्रबंध अजून सुरू केला नसेल तर सरळ युनिकोडमधीच टाईप करा राव.

राहिलं आउटलाइन लेव्हल, म्हणजे हा पॅरा कितव्या पातळीचं हेडिंग ते वर्डला सांगणं. पॅराग्राफच्या सेटिंगमधी असतं, वर्डमधी १ ते ९ अन् बाकी सगळं बॉडी टेक्स्ट. दिसण्यात काडीचा फरक पडत नाही, तरी तो पॅरा पेनमधीबी येतो अन् अनुक्रमणिकेतबी. ऋणनिर्देश, प्रतिज्ञापत्र असल्या पानांना प्रकरणाचा नंबर नको असतो पण अनुक्रमणिकेत नाव पाहिजे असतं, तिथं हे लई कामाचं. पण सगळा प्रबंध ह्याच्यावर उभा करू नका, प्रत्येक हेडिंगचं दिसणं मग हातानंच सांभाळावं लागतं, म्हणजे पुन्हा बोल्ड अन् १८. माझं विचाराल तर मुख्य सगळं स्टाईलनं अन् अशी दोन-तीन पानं लेव्हलनं.

कॉलेजच्या लॅबमधी लिब्रेऑफिस असलं तरी हेच चालतं, तिथं लेव्हल १० पर्यंत, स्टाईलसाठी एफ-११ अन् नेव्हिगेटरसाठी एफ-५. गूगल डॉक्समधी मात्र हेडिंग ६ पर्यंतच, अन् लेव्हल वेगळी देता येत नाही.

अन् वर्डमधी पीडीएफ काढायच्या आधी अनुक्रमणिकेवर क्लिक करून एफ-९ दाबा, अपडेट एंटायर टेबल करा, नाहीतर त्यात पानांचे नंबर जुनेच छापून येतात अन् बाइंडिंग झाल्यावर कळतं.