विसर्ग कळवणारा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप: पाचपैकी चार स्टार

पुण्यात खडकवासला धरणातून मुठा नदीत किती पाणी सोडलं ते कळवणारा एक फुकट ग्रुप आहे आमच्या नदीकाठच्या सोसायट्यांचा, त्याचा हा रिव्ह्यू. मेसेज एकदम छोटा, किती क्युसेक (म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी), किती वाजल्यापासून आणि आधी किती होतं. हे आधी किती होतं ते देतात ना तेच भारी, कारण नुसतं पंधरा हजार म्हटलं तर कोणाला काय कळणारे, पण सकाळी चार होते नि आता पंधरा म्हटलं की माणूस गपचूप गाडी बेसमेंटमधून वर काढतो. २५ जुलै २०२४ ला ३५ हजारांच्या आसपास सोडलं तेव्हा सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं होतं, तेव्हापासून ग्रुपला भाव आलाय.

खडकवासल्याच्या वरच्या अंगाला पानशेत धरण आहे, दर पावसाळ्यात कोणीतरी "पानशेत फुटलं" टाकतोच. ॲडमिन काका इरिगेशनमधून रिटायर झालेले, ते न चिडता समजावतात की बाबांनो गेटमधून पाणी सोडतायत म्हणजे धरण फुटलं असं नाही, मातीच्या धरणाला भीती पाणी भरावावरून वाहण्याची नाहीतर भराव आतून खचण्याची. १२ जुलै १९६१ ला असाच भराव खचला. आंबी नदीवरचं पानशेत, काम अर्धवट, तरी पाणी साठलं, मोरीच्या, म्हणजे भरावाखालून पाणी बाहेर काढणाऱ्या वाटेच्या, काँक्रीटमध्ये सळ्याच नाहीत, मोरी ढासळली नि वरचा भराव बसत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली म्हणून निदान सकाळपर्यंत तगलं, आणि मग तो सगळा लोंढा खाली १८७९ च्या दगडी खडकवासल्यावर आला, तेही गेलं. लाट पेठांत घुसली ती दिवसाउजेडी, रात्री आली असती तर काय झालं असतं विचार करा. काकांचा हा व्हॉइस मेसेज सहा मिनिटांचा आहे पण पूर्ण ऐका.

एक स्टार कापला तो कालव्यासाठी. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजवा कालवा फुटला, दांडेकर पुलाजवळ वस्तीत पाणी घुसलं, पाऊस नाही पूर नाही, भर दिवसा. ग्रुपवर फक्त नदीचे आकडे, कालव्याला पाणी कधी सोडलं त्याबद्दल एक अक्षर नसतं, आणि कालवा तर घरांना खेटून जातो हो! बाकी गुड मॉर्निंगची फुलं टाकणाऱ्यांना जून ते सप्टेंबर तरी काढून टाका ॲडमिन, खरा मेसेज त्यात बुडतो.