जर्मनीचं सेमिस्टर तिकीट: एक अख्खं सेमिस्टर वापरून पाहिलं, आता सांगतो

फाट्यावर पळसाखाली बसून लिहून रायलो. सव्वादहाची गाडी आहे म्हणे दारव्ह्याची, साडेअकरा वाजून गेले, गाडीचा पत्ता नाही, म्हणून हातात टाइम आहे. ताईच्या लग्नासाठी सुट्टीत आलोय अन् आल्यापासून गावातला एक पोट्टा मागं लागलाय, तोही ऑक्टोबरमध्ये जर्मनीले चालला, रोज विचारते दादा तिथं फिराचं कसं, खर्च किती येते. त्याला तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो, बाकीच्यांच्याही कामी येईल.

तर आपल्या एसटीचा तो 'आवडेल तेथे प्रवास' पास माहीत आहे ना, चार दिवसांचा अन् सात दिवसांचा, एकदा काढला की कुठंही हिंडा. तिथलं डॉइचलांड-टिकेट त्याचा मोठा भाऊ समजा. महिनाभर, अख्ख्या देशात, शहरातली बस, ट्राम, मेट्रो, लोकल अन् रिजनल रेल्वे सगळं त्यात. मे 2023 मध्ये सुरू झालं तेव्हा महिन्याला 49 युरो होतं, 2025 मध्ये 58 झालं अन् आता जानेवारी 2026 पासून 63. विद्यार्थ्यांना तेच 'सेमिस्टर तिकीट' म्हणून स्वस्तात पडतं, मी गेलो त्या सेमिस्टरला महिन्याला 34.80, म्हणजे सहा महिन्यांचे 208.80 युरो, अन् ते वेगळे भरायचे नसतात, विद्यापीठाच्या सेमिस्टर फीतच कापले जातात. शंभरानं गुणा अन् घाबरा, मीही घाबरलो होतो, पण महिन्याचा हिशोब केला तर माझ्या खोलीभाड्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा थोडंच जास्त होतं. फक्त हे सगळ्याच विद्यापीठांत नसतं, ॲडमिशन घेतानाच मेल टाकून विचारून घ्या.

तिकीट म्हणून जबरदस्त आहे, यात वादच नाही. शनिवारी सकाळी उठलो, मनात आलं, लाइपझिगहून ड्रेस्डेन पाहून आलो, दीडपावणेदोन तास रिजनल गाडीनं, एक पैसा जास्तीचा लागला नाही. अट एकच, आयसीई अन् आयसी असं लिहिलेल्या लांबच्या फास्ट गाड्यांत हे चालत नाही. त्याच प्लॅटफॉर्मवर येतात, मोकळ्या दिसतात, पांढऱ्याशुभ्र, मन लय होतं, पण चढायचं नाही. आरई, आरबी अन् एस ही अक्षरं दिसली तर बिनधास्त चढा.

आता माझी फजिती, कारण खरा रिव्ह्यू तोच आहे.

सेमिस्टर तिकीट 1 ऑक्टोबरपासून लागू होतं अन् मी पोचलो सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. हे मधले पाचसहा दिवस कोणी सांगत नाही. महिन्याचं तिकीट काढावं तर ते 1 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच चालतं, चार दिवसांसाठी पूर्ण महिन्याचे पैसे कोण देईल. म्हणून स्टॉपवरच्या मशीनमधून चार फेऱ्यांचं एक कागदी तिकीट काढलं, मशीननं दोनदा नाणं परत फेकलं ते वेगळंच. ट्राममध्ये बसलो, खिडकीची जागा, रुमाल टाकायचीही गरज नाही, अन् तिकीट हातात धरून वाट पाहत बसलो. कशाची? कंडक्टरची! आयुष्यभराची सवय, आपण बसायचं अन् गर्दीतून वाट काढत तो येईल, विचारील कुठं जाचं, सुट्टे आहेत का, नसले तर तिकिटाच्या मागं लिहून देईल. वीस वर्षं एसटीत कधी मला तिकिटामागं जावं लागलं नाही, तिकीटच माझ्याकडं चालत आलं.

तिसऱ्या स्टॉपवर दोघं चढले, साध्या कपड्यात, एकाच्या पाठीवर सॅक, मला वाटलं स्टुडंट असतील. दार बंद झालं तसं दोघांनी खिशातून कार्ड काढले. मी तर खूश, आला बावा एकदाचा कंडक्टर, मोठ्या रुबाबात तिकीट पुढं केलं. त्यानं ते उलटं केलं, चार कोऱ्या चौकोनांवर बोट ठेवलं अन् मग ते बोट माझ्या डोक्यापाशी नेलं. तिथं खांबावर एक पेटी होती, जेवणाच्या डब्याएवढी, खाली बारीक फट. तिकीट त्या फटीत घालायचं, खट्ट आवाज होतो, तारीख-वेळेचा शिक्का बसतो अन् मगच ते तिकीट चालू होतं. शिक्का नाही म्हणजे तिकीट नाही. अन् मी पंधरा मिनिटं त्याच पेटीला माझी पिशवी अडकवून बसलो होतो.

साठ युरो. सहा हजार रुपये भाऊ. मी म्हटलं नवीन आहे, कालच आलो, पासपोर्टवरचा शिक्का दाखवला, तो म्हणाला सॉरी, अन् खरंच सॉरी असल्यासारखा चेहरा करून पावती फाडून दिली. भांडण नाही, आवाज नाही, 'जाऊ द्या ना साहेब' म्हणायला जागाच नाही. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, नियम तिकिटावर छापलेला होता, पण जर्मनमध्ये, अन् त्या पेटीवर इंग्रजीचं अक्षर नव्हतं. कंपनीचं नाव घेत नाही, शहराचंही नाही, असले डबे ठिकठिकाणी आहेत. काही शहरांत मशीनमधून तिकीट शिक्का मारूनच निघतं, काही ठिकाणी आपल्याला मारावा लागतो, म्हणून चढल्या चढल्या शेजारच्या माणसाला तिकीट दाखवून विचारा, लाजू नका.

घरी चार महिने सांगितलं नाही. परवा जेवताना बोलून गेलो तर आजी (पंचाहत्तरी कधीच पार, एसटीत फुकट) म्हणे, "मले एक रुपयाचं तिकीट लागत नाही, अन् तू इतका शिकून साठ युरो देऊन आला?" आईचं अर्धं तिकीट लागते, तिनं फक्त माझ्याकडं पाहिलं.

मोबाइलवरच्या सेमिस्टर तिकिटाला शिक्क्याची भानगड नाही. पण ते तुमच्या नावाचं असतं, सोबत फोटोचं ओळखपत्र लागतं अन् फोन बंद पडला तर तिकीट असूनही पंचाईत. पॉवरबँक ठेवा. दोस्ताला दोन दिवस वापरायला देता येत नाही.

दुसरं म्हणजे दारं. आपल्याकडची ती छोटी रेल्वे, शकुंतला, चालू होती तेव्हा लहानपणी दारव्ह्याहून बसलोय, दार उघडंच, चाल अशी की उतरून परत चढलं तरी चाललं असतं. तिथं रिजनल गाडीचं दार स्टेशन आलं तरी आपोआप उघडेलच असं नाही, दारावर बटण असतं, त्याचा लाइट लागला की दाबायचं. मी दारासमोर बॅग घेऊन सावधान उभा, गाडी थांबली, बाहेरचे लोक दिसतात, गाडी निघाली. पुढच्या स्टेशनवरून परत आलो, तिकीट तेच म्हणून पैसे तरी गेले नाहीत. बसमध्येही लाल बटण दाबा नाही तर ड्रायव्हर स्टॉप सोडून पुढं नेतो, आपली घंटीची दोरीच समजा, फक्त ओढायची आपण. अन् 'हात दाखवा गाडी थांबवा' तिथं विसरा, मी स्टॉपपासून दहा पावलांवर हात हलवत पळत होतो, ड्रायव्हरनंही हात हलवला, टाटा केला अन् गेला.

वेळेचं म्हणाल तर शहरातली बस 7:52 ची म्हणजे जवळपास 7:52 लाच. रेल्वेचं तसं नाही, तिथंही लेट होतात, रद्द होतात, रुळाचं काम निघालं की मध्येच उतरवून बसमध्ये बसवतात. फरक एवढाच की किती लेट आहे ते ॲपवर कळतं. इथं आत्ता कोणाला विचारू, टपरीवाले काका म्हणतात, "येईन ना बाप्पा, कुठी जाते." रविवारचं टाइमटेबल वेगळं असतं, गाड्या कमी, माझी एक पार्टटाइमची शिफ्ट त्यातच बुडाली. अन् कुत्रे! ट्रेनमध्ये सीटखाली शांत बसलेले असतात, मोठ्या कुत्र्याचं रेल्वेत तिकीटही लागतं. हे आजीला अजून सांगितलेलं नाही.

तिकिटाला पाचपैकी साडेचार, ॲपला चार, त्या पेटीला मी काही देत नाही, तिनं आधीच साठ घेतले. पोट्ट्या, तू ऑक्टोबरच्या 1 तारखेलाच पोचशील असं विमानाचं तिकीट काढ, नाही तर मधल्या दिवसांत पायी हिंड.

धूळ दिसून रायली मोडावर, लाल आहे. हात दाखवावा लागते, थांबतो इथंच.