सीबी २७/८१, आठ महिन्यांनंतर: तो लो-पॉवरचा खटका काढू नका

दुरुस्तीवाल्याने माझा सीबी सेट, म्हणजे सामान्य लोकांनी आपसांत बोलायचा ब्रिटिश रेडिओ, परत दिला तो मी तिथेच टेबलावर उघडला. लो-पॉवरचा खटका आतून कापलेला, त्याच्या जागी सरळ वायर. "हे आता कोण वापरतं?" म्हणाला. जुना खटका कुठे आहे विचारलं तर कचऱ्यात. ४० पौंड घेतले होते. मुळात सेटच मी कार बूट सेलमधून १८ पौंडांना उचललेला. भांडून १० पौंड परत मिळवले, पण राग पैशांचा नव्हता.

सेटबद्दल जास्त सांगायला नको: ४० चॅनेल, एफएम, ४ वॉट, पुढच्या पट्टीवर कायदेशीर सेटचा गोलातला 'सीबी २७/८१' शिक्का. खटक्याबद्दल मात्र सांगते. १९८१च्या लायसन्सची अट होती की एरियल जमिनीपासून ७ मीटरच्या वर असेल तर पॉवर १० डीबीने खाली आणायची. म्हणजे ४ वॉटचे ०.४. त्यासाठी हा खटका.

आम्ही तेव्हा इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत राहायचो, मी तेरा वर्षांची. गल्लीत अमेरिकन एएम सेट चोरून वापरणारे होते, ते बोलायला लागले की आमच्या टीव्हीवर रेघा उमटायच्या. बाबांनी तसला सेट घ्यायला नकार दिला. २ नोव्हेंबर १९८१ला सीबी कायदेशीर झाला, मग पोस्टात जाऊन १० पौंड भरून लायसन्स आणलं. पुण्यात ते रेडिओचं लायसन्सही पोस्टातच भरायचे, त्यामुळे त्यांना यात वेगळं काही वाटलं नाही. एरियल नियमाप्रमाणे दीड मीटरची काठी, बुडाशी कॉइल. ती धुराड्यावर बसवली, धुराडं ७ मीटरच्या वर, म्हणून खटका दाबलेला. कायमचा. दुसरं कोणी दाबत नसे. मी १४ नंबरच्या चॅनेलवर हाक मारायची, मैत्रिणीबरोबर रिकामा चॅनेल शोधायची आणि शेजारच्या केनिलवर्थ गावाला पोचेपर्यंत माझा आवाज फरफरून विरायचा. बाबांचं हवेतलं नाव 'डेक्कन क्वीन'. ट्रकवाले त्यांना ओळखायचे. माझं 'मैना', मला फारसं कोणी ओळखत नसे आणि त्याचा दोष मी त्या खटक्याला द्यायची.

या सेटमध्ये पहिले तीन महिने तेच झालं. खटक्याचे संपर्क काळे पडले होते, बोलता बोलता सेट आपोआप ०.४वर उतरायचा. समोरचा विचारायचा, कुठे गेलीस? क्लीनर मारला की पंधरा दिवस बरं. तेव्हा मी वहीत लिहिलंय: सेट चांगला, खटका भिकार.

ते मत बदलायला उन्हाळा लागला. आता संध्याकाळी गावात मोजून तिघं भेटतात. एकदा मुद्दाम खटका दाबून तिघांना विचारलं. तिघांनाही मी ऐकू येत होते. पॉवर दहावा हिस्सा झाली तरी समोरच्या सिग्नल मीटरवर काटा दोन एस-युनिटसुद्धा (त्या मीटरवरचे आकडे) पडत नाही. लहानपणी मला वाटायचं तेवढं काही बाबा माझ्याकडून काढून घेत नव्हते. केनिलवर्थ काठावर होतं, एवढंच. खरा त्रास आज वेगळाच आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, शेजारच्या सोलरचा इन्व्हर्टर, यांच्या खरखरीने कोणी बोलत नसतानाही काटा पाचवर बसलेला असतो. स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबायचं बटण, किती पिळणार? तेव्हा चाळीसपैकी रिकामा चॅनेल सापडत नसे, कारण प्रत्येकावर माणसं असायची.

बाकी थोडक्यात. १३.८ व्होल्टचा पॉवर सप्लाय नवा घ्या, जुन्यावर पैसे वाचवू नका. माइकची गुंडाळी वायर तुटकी निघेल असं धरूनच चाला. घेताना आधी खटका पंचवीस-तीस वेळा दाबून बघा आणि मगच भाव करा. आणि दुरुस्तीला देताना काय काढायचं नाही ते लिहून द्या.

नवा खटका ऑनलाइन सव्वा पौंडाला मिळाला. मी स्वतः झाळला, हात भाजला, चालतोय.

लायसन्स २००६मध्येच रद्द झालं, ७ मीटरचं आता कोणी विचारत नाही. तरी मी परसातला तारेचा डायपोल एरियल लावून खटका दाबूनच बोलत होते. गेल्या रविवारी बाबा खाली आले. शहाऐंशी वर्षांचे आहेत, हल्ली जिना नको म्हणतात. सेटकडे बघून पहिला प्रश्न, "एरियल किती उंच?"

"पाच मीटर."

"मग दाबायचं कारण नाही," म्हणाले, स्वतःच्या बोटाने खटका वर केला आणि माइक मागितला.