सेसना 208बी सुपर कार्गोमास्टर: टनभर माल नेतं, पण टेकऑफआधी वजन आणि पंख तपासूनच

एकच पायलट, एकच इंजिन आणि छोट्या, कच्च्या धावपट्टीवरूनही टनभर माल, एवढं सगळं एका विमानात हवं असेल तर सेसना 208, म्हणजेच कॅरॅव्हानला आजही तोड नाही. 1982 मध्ये पहिल्यांदा उडालेल्या या डिझाइनची मालवाहू आवृत्ती फेडएक्स या कुरिअर कंपनीसाठी तयार झाली आणि पुढे 4 फूट लांब केलेली 208बी आली. चाकं कायम बाहेरच असतात, त्यामुळे ती अडकून बसण्याचा प्रश्न नाही. प्रॅट अँड व्हिटनीचं 675 अश्वशक्तीचं पीटी6ए इंजिन भरवशाचं आहे. तरीही या विमानाचे टेकऑफनंतर लगेच झालेले अपघात पाहिले की दोन कारणं पुन्हा पुन्हा भेटतात: जादा वजन आणि पंखावरचा बर्फ.

आधी वजनाचं. टेकऑफची कमाल मर्यादा 8,750 पाउंड, म्हणजे 3,969 किलो. रिकामं विमान 2,200 किलोचं धरा, पायलट आणि त्याची बॅग 90 किलो, इंधन 500 किलो. मालासाठी उरतात 1,179 किलो. टाक्या पूर्ण भरल्या तर एक टनाच्या आसपास इंधन बसतं आणि माल पावणेसातशे किलोच्या आत येतो. जागा मात्र केबिन आणि पोटाखालचा मालाचा डबा (पॉड) मिळून सुमारे 12.8 घनमीटर. म्हणजे एका घनमीटरला 92 किलोपेक्षा जड माल असेल तर विमान भरायच्या आधीच वजन संपतं. कुरिअरची खोकी बहुतेक वेळा याहून जड भरतात. ‘अजून जागा आहे की’ म्हणत शेवटची चार पोती आत ढकलली जातात, घोळ होतो तो तिथेच. पार्सलवर लिहिलेल्या वजनावर विसंबू नका, काट्यावर घ्या. ओल्या पुठ्ठ्याचं आणि लाकडी पॅलेटचं वजन मालाच्या यादीवर कुणीच लिहीत नाही.

भरताना सुरुवात पुढच्या झोनपासून (केबिनच्या आखलेल्या भागापासून) करायची आणि शेपटीखाली टेल स्टँड, म्हणजे टेकू, लावायचा. मालाचं दार मागच्या बाजूला आहे. दाराशीच जड माल साठला तर विमान उभ्या जागी शेपटीवर बसतं. त्याहून वाईट म्हणजे नीट न बांधलेला माल नाक उचलताना मागे सरकणं. तेव्हा नाक आणखी वर जातं, वेग पडतो आणि सावरायला उंचीच नसते. म्हणून प्रत्येक झोनला जाळी किंवा पट्टे हवेतच, नुसतं दाबून रचणं पुरेसं नाही.

आता बर्फ. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी दवबिंदू गोठल्याचे फोटो हिवाळ्यात छापून येतात. तेवढाच पातळ, खरखरीत थर इथे पुरतो. सँडपेपरसारखा पृष्ठभाग झाला की लिफ्ट (विमान उचलणारं बल) 30 टक्क्यांपर्यंत घटते आणि ड्रॅग (हवेचा विरोध) 40 टक्क्यांपर्यंत वाढतो. कॅरॅव्हानचा पंख डोक्याच्या वर असल्यामुळे खाली उभं राहून त्याची वरची बाजू दिसतच नाही. 10 ऑक्टोबर 2001 ला अलास्कातल्या डिलिंगहॅमहून निघालेलं प्रवासी कॅरॅव्हान टेकऑफनंतर कोसळलं आणि दहाही जण गेले. तपासात कारण निघालं ते पंखाच्या वरच्या बाजूचा बर्फ, जो उड्डाणाआधीच्या पाहणीत लक्षात आला नव्हता. पंखाची वरची बाजू जवळून पाहायची सक्ती तेव्हा नव्हती. 2005 मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने आदेश काढला: नुसतं बघू नका, हात फिरवून पाहा.

दुसरं उदाहरण मालवाहूचं. 6 ऑक्टोबर 2005 ला पहाटे कॅनडातल्या विनिपेगहून थंडर बेकडे निघालेलं 208बी टेकऑफच्या मर्यादेपेक्षा जड होतं. बर्फाळ हवेसाठीची मर्यादा त्याहून कमी असते, तीही अर्थातच ओलांडलेली. चढताना बर्फ जमत गेला, उंची टिकेना. परत वळण्याच्या प्रयत्नात ताबा सुटून विमान शहरातल्या रेल्वेरुळांवर पडलं आणि एकट्या पायलटचा जीव गेला. जादा वजन आणि बर्फ एकत्र आले की एकाच इंजिनाच्या विमानाकडे राखीव ताकद उरत नाही. पंखाचे आधारदांडे, चाकांचे पाय, पॉडचं नाक अशा कितीतरी जागी बर्फ धरतो आणि त्या सगळ्याच काही तापवलेल्या नसतात.

म्हणून जुनं विमान घेताना बर्फ घालवायची सोय कोणती, ते पहिलं विचारा. जुन्या विमानांत पंखाच्या पुढच्या कडेवर, फुगून बर्फ फोडणारे रबरी पट्टे (बूट) असतात. त्यांची ठिगळं मोजा आणि फुगवून दाखवायला सांगा. नंतरच्या विमानांत टीकेएस यंत्रणा आहे: पंखाच्या पुढच्या कडेवरच्या टायटॅनियम पट्ट्यांतल्या बारीक छिद्रांतून बर्फ धरू न देणारं ग्लायकॉलचं द्रव झिरपतं. काम चांगलं करते, पण द्रवाचं वजन मालातूनच वजा होतं. शिवाय दोन्ही सोयी उडताना वापरायच्या. जमिनीवर जमलेला थर त्यांच्या भरवशावर ठेवून निघायचं नाही.

चालवायला विमान सरळ आहे. टेकऑफला फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे झुकणारे भाग) 20 अंश, 70 ते 75 नॉट वेगाला नाक उचलायचं. टॉर्क (इंजिनाचा पीळ) 1,865 फूट-पाउंडच्या वर नाही आणि आयटीटी, म्हणजे टर्बाइनमधलं तापमान, 805 अंश सेल्सिअसच्या वर नाही. कडक उन्हात आयटीटीची मर्यादा आधी गाठली जाते आणि टॉर्क कमीच मिळतो, हे धावपट्टीची लांबी काढताना धरा. इंजिन सुरू करण्याआधी इमर्जन्सी पॉवर लिव्हर (इंधन नियंत्रण बिघडलं तर वापरायचा दांडा) पूर्ण मागे, नॉर्मलवर आहे का ते पाहा. तो पुढे राहिला तर जादा इंधन जाऊन हॉट स्टार्ट होतो, म्हणजे सुरू होतानाच इंजिन मर्यादेपलीकडे तापतं, आणि इंजिन खोलायची वेळ येते.

बजेट असेल तर याच विमानाचं 867 अश्वशक्तीचं ईएक्स मॉडेल घ्यावं, विशेषतः उंचावरच्या आणि उष्ण धावपट्ट्यांसाठी. वजनाची मर्यादा तिथेही जवळपास तेवढीच, 8,807 पाउंड. वाढीव ताकद चढण्यासाठी आहे, पोती वाढवण्यासाठी नाही.

आणि थंड प्रदेशात जिथे जिथे विमान रात्रभर उभं राहणार, त्या प्रत्येक ठिकाणी एक पक्की शिडी ठेवा. शिडी नसेल तर पहाटेच्या अंधारात पंखावर हात फिरवायला कुणी चढत नाही.