पंधरा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी घेऊन क्रूझ: कंपनी निवडताना काय बघावं, आमचा अनुभव

क्रूझची कंपनी निवडताना घरातल्या मोठ्या मुलाचं वय आधी बघा, धाकट्याचं नंतर. आठ वर्षांच्या मुलीला पूल, आइस्क्रीमचं मशीन आणि किड्स क्लबमधली एक प्रेमळ ताई मिळाली की ती कुठल्याही जहाजावर रमते. पंधरा वर्षांचा मुलगा असा सहजी रमत नाही. आणि तो रमला नाही की जेवणाच्या टेबलावर सगळ्यांचेच चेहरे उतरतात.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. गेल्या काही सुट्ट्यांमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या क्रूझ झाल्या. कधी आम्ही चौघंच होतो, कधी सासूबाई आणि सासरे नाशिकहून आलेले असताना सगळे मिळून गेलो, तर एकदा डॅलसच्या दिरांचं कुटुंबही सोबत होतं. शेवटच्या क्रूझलाही आता काही महिने उलटून गेलेत. घरी आल्या आल्या लिहायला बसले असते तर स्लाइड आणि शो यांबद्दलच लिहिलं असतं. आता मुलं कशाची आठवण काढतात आणि क्रेडिट कार्डाच्या बिलात काय काय निघालं, हे दोन्ही समोर आहे.

पहिला मुद्दा वयोगटांचा. ‘सर्व वयाच्या मुलांसाठी क्लब’ असं प्रत्येक कंपनी छापते, पण गट कुठे तोडलेत ते नीट वाचा. कार्निव्हलमध्ये १२ ते १४ हा एक गट आणि १५ ते १७ हा दुसरा. एमएससीचीही विभागणी तशीच आहे. नॉर्वेजियनमध्ये १३ ते १७ सगळे एकत्र, त्यामुळे बारा वर्षांचं मूल तिथे लहानांच्या क्लबमध्ये जातं. डिस्नीत ११ ते १४ आणि १४ ते १७ असे दोन क्लब आहेत, त्यामुळे चौदा वर्षांचं मूल दोन्हींत बसतं. वय क्रूझ निघते त्या दिवशीचं धरतात, बुकिंगच्या दिवशीचं नाही.

दिरांची मुलगी तेव्हा चौदाची होती, आमचा मोठा पंधराचा. ही दोन भावंडं लहानपणापासून एकमेकांना सोडत नाहीत आणि त्या जहाजावर रेष नेमकी चौदा आणि पंधराच्या मध्ये होती. क्लबच्या लोकांना विनंती करून पाहिली, त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं. त्यांचं बरोबरच होतं. सतरा वर्षांच्या मुलांमध्ये चौदाची मुलगी नको, हे आई म्हणून मलाही पटतं. पण पहिले दोन दिवस दोघंही क्लबमध्ये गेली नाहीत, डेकवरच्या पिझ्झाच्या काउंटरपाशी बसून राहिली. चुलत-मावस भावंडं एकत्र जाणार असतील तर सगळ्या मुलांच्या जन्मतारखा एका कागदावर लिहा आणि मगच कंपनी ठरवा. भाड्यात शंभर-दोनशे डॉलरचा फरक पडला तरी पडू दे.

दुसरा मुद्दा पहिल्या रात्रीचा. टीन क्लबमधले ग्रुप पहिल्याच रात्री जमतात. तिसऱ्या दिवशी कुणी नवं मूल आलं तर त्याला आत शिरायला फार जड जातं. आमचा मोठा पहिल्या रात्री हटून बसला होता, तिथे ओळखीचं कुणी नाही म्हणून. सासऱ्यांनी त्याला जवळ बोलावलं. म्हणाले, “अरे, अर्धा तास जाऊन ये. नाही आवडलं तर आपण दोघं रमी खेळू.” तो गेला. मी लांब लिफ्टपाशी उभी राहून बघत होते. आत चार-पाच मुलं हूडीच्या खिशात हात घालून भिंतीला टेकलेली, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. क्लब सांभाळणाऱ्या मुलीने ओळखपाळखीचा कार्यक्रम वगैरे काही केला नाही. तिने एक टेबल टेनिसची बॅट आमच्या मोठ्याच्या हातात दिली, दुसरी शेजारच्या मुलाच्या हातात, आणि स्वतः गुण मोजत उभी राहिली. दहा मिनिटांत डबल्स सुरू झाली. तो रात्री साडेबाराला खोलीवर आला. त्यातली ओहायो आणि जॉर्जियाची दोन मुलं अजून त्याच्या ग्रुप चॅटमध्ये आहेत. परवाच त्यातला एक ड्रायव्हिंग टेस्ट पास झाल्याची बातमी आमच्या जेवणात आली. त्या मुलीला मी फीडबॅकमध्ये नाव घेऊन वाखाणलं. तुम्हीही असं जरूर करा, त्या नावांची जहाजावर दखल घेतली जाते.

याच्या अगदी उलट अनुभव दुसऱ्या एका जहाजावर आला. शाळा सुरू असतानाचा आठवडा होता, मोठी मुलं मोजकीच होती, म्हणून दोन्ही गट एकत्र केलेले. तेही चाललं असतं. पण दोन संध्याकाळी टीन क्लबची खोली मोठ्यांच्या खाजगी पार्टीला दिली आणि दारावर साधी चिठ्ठीसुद्धा लावली नाही. मुलं येऊन परत जात होती. काउंटरवर विचारलं तर ‘आज लायब्ररीत बोर्ड गेम आहेत’ असं उत्तर मिळालं. टीन क्लबची जागा पक्की आणि स्वतंत्र आहे की दुसऱ्या कामाला वापरली जाते, हे आता मी बुकिंगच्या आधी विचारते. डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडून ती खोली कुठे आहे तेही बघते.

यातूनच तारखांचा प्रश्न येतो. शाळा बुडवून सप्टेंबरात गेलं की भाडं बरंच कमी पडतं. धाकट्या मुलांसाठी ते उत्तम आहे. पण मोठ्या मुलासाठी जहाजावर त्याच्या वयाची मुलं हवीत, आणि ती शाळांना सुट्टी असतानाच येतात. न्यू जर्सीवाल्यांना यात एक छान सोय आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांच्या अधिवेशनासाठी गुरुवार-शुक्रवार शाळा बंद असतात. तेव्हा आपल्या राज्यातली खूप कुटुंबं निघतात, आणि भाडं नाताळाएवढं चढलेलं नसतं. आम्हाला हाच आठवडा सर्वांत आवडला.

कुठून निघायचं, हेही तितकंच महत्त्वाचं. बेयॉनचं केप लिबर्टी बंदर आम्हाला घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर, ब्रुकलिनहून २०२३ पासून एमएससी मेराविलिया सुटते. विमानाचा खर्च वाचतो, बॅगा हव्या तेवढ्या नेता येतात, सासूबाईंना विमानतळावर चालावं लागत नाही. पण हिवाळ्यात इथून निघालात तर उबदार हवा लागेपर्यंत पहिला दीड दिवस वरच्या डेकवर वारा झोंबतो, पूल आणि स्लाइडचा काही उपयोग नाही. नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या केप हॅटरसच्या आसपास समुद्रही खवळलेला असतो. आमची धाकटी त्या रात्री दोनदा उलटी करून झोपली. पाण्याच्या स्लाइडसाठीच जायचं असेल तर फ्लोरिडा गाठा, मियामी किंवा पोर्ट कॅनाव्हेरल.

आता कंपन्यांविषयी. कंपनीच्या नावापेक्षा जहाजाचं नाव बघा, असं मी आता सगळ्यांना सांगते. रॉयल कॅरिबियनच्या जाहिरातीत लाटेवर सर्फिंग करणारी मुलं दिसतात, ते फ्लोरायडर. पण त्यांच्याच १९९६ च्या ग्रँडर किंवा १९९८ च्या व्हिजन या जहाजांवर ते नाही. २००९ पासून आलेल्या ओएसिस वर्गाच्या जहाजांवर दोन-दोन आहेत. जानेवारी २०२४ मध्ये निघालेल्या आयकॉनवर सहा मोठ्या स्लाइड आणि लहानग्यांसाठी सर्फसाइड नावाचा वेगळा भाग. आणि उंची घरीच मोजून जा. फ्लोरायडरवर पोटावर झोपून जायला ५२ इंच लागतात, उभं राहून जायला ५८. धाकटी पन्नासची. भाऊ लाटेवर आणि ही कठड्याबाहेर, हे तिने आधीच ऐकून ठेवलं होतं म्हणून रडारड टळली.

डिस्नीबद्दल खूप जण विचारतात. घरातलं सर्वांत मोठं मूल दहाच्या आत असेल आणि बजेट बसत असेल तर डोळे मिटून डिस्नी घ्या. लहानांच्या क्लबमध्ये इतका जीव ओतलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. रोज रात्री वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जेवण आणि वेटर मात्र तेच, तुमच्याबरोबर फिरणारे, त्यामुळे मुलाला काय तिखट लागतं ते त्यांना दुसऱ्या दिवसापासून पाठ असतं. बहुतेक खोल्यांत संडास आणि अंघोळीची जागा वेगवेगळी, सकाळी चौघांना तयार व्हायला ही केवढी मोठी सोय आहे ते गेल्यावरच कळतं. जहाजावर कॅसिनो नाही, सोडा फुकट. पण भाडं सुट्टीच्या दिवसांत इतरांच्या दीडपट ते दुप्पट जातं. पंधरा वर्षांच्या मुलासाठी तेवढा जास्तीचा पैसा मला योग्य वाटला नाही. त्याला खेळायला मैदान, चढायला भिंत आणि रात्री उशिरापर्यंत मित्र हवे होते. सध्याच्या आमच्या घरासाठी, म्हणजे पंधरा आणि आठ या जोडीसाठी, माझी पसंती ओएसिस वर्गाच्या जहाजाला आहे. हात राखून खर्च करायचा असेल तर कार्निव्हल आणि एमएससी दोन्ही बघा; मुलांसाठी भाड्यात सवलत एमएससीकडे वरचेवर असते.

खोलीचं थोडक्यात सांगते. तिसरं आणि चौथं माणूस त्याच खोलीत स्वस्तात बसतं, पण छतातून खाली येणाऱ्या बेडवर उंच मुलाचे पाय बाहेर लोंबतात. एक बाल्कनीची खोली घेण्यापेक्षा आतून दार असलेल्या दोन बिनखिडकीच्या खोल्या कित्येकदा तेवढ्याच पैशांत मिळतात. दोन बाथरूम मिळतात. ‘शेजारच्या’ आणि ‘आतून जोडलेल्या’ खोल्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बुकिंगच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा.

खाण्याची चिंता करू नका, पण बोला. सासूबाई अंडंही खात नाहीत. बुफेत शाकाहारी पदार्थ भरपूर असतात, तरी चौथ्या दिवशी माणसाला वरण-भाताची आठवण येतेच. पहिल्याच रात्री हेड वेटरला गाठून सांगायचं: अंडं नाही, मासे नाहीत, रोज एक डाळ आणि भात हवा. आमचा हेड वेटर गोव्याचा, साष्टीतला निघाला. गोव्याच्या तारवटींच्या, म्हणजे खलाशांच्या, पिढ्यान् पिढ्या जहाजांवर गेल्या, त्यामुळे असं माणूस भेटण्याची शक्यता चांगली असते. दुसऱ्या संध्याकाळी त्याने सॉसच्या पांढऱ्या लांबट भांड्यातून तुरीची डाळ आणली, वर जिरं-लसणाची फोडणी, बाजूला भात आणि चिरलेली हिरवी मिरची. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि त्याला मराठीत विचारलं, “घरी कोण कोण असतं रे बाळा?” त्यालाही मराठी येत होतं. पुढचे सगळे दिवस तो जेवण वाढून झालं की त्यांच्यापाशी दोन मिनिटं थांबायचा. गोड पदार्थांचं मात्र प्रत्येक वेळी विचारा. बिनसाखरेचा म्हणजे बिनअंड्याचा नव्हे.

भाड्याच्या वर काय लागतं ते धरून चला. टिप माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर, आणि मुलांचीही बहुतेक ठिकाणी तेवढीच. चौघांची सात रात्रींची पाचशेच्या आसपास जाते. वायफाय वेगळं. किड्स क्लब दिवसा फुकट असतो, पण रात्री उशिरा तासावर पैसे लावणाऱ्या कंपन्या आहेत. व्हिडिओ गेमच्या आर्केडवर लक्ष ठेवा. मुलाचं खोलीचं कार्ड टेकवलं की खेळ सुरू होतो आणि पैसे तुमच्या खात्यात. चढल्या दिवशीच गेस्ट सर्व्हिसला जाऊन मुलांच्या कार्डावर मर्यादा घालून घ्या.

मोठ्या मुलांसाठी आमच्या घरचे नियम लिहून ठेवते, कुणाला उपयोगी पडतील. रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र. कुठल्याही मित्राच्या खोलीत जायचं नाही आणि कुणाला आपल्या खोलीत आणायचं नाही, भेटायचं ते सार्वजनिक जागेत. जहाजाची वेळमर्यादा रात्री एकची असली तरी आमची साडेबाराची. बंदरावर आमच्याशिवाय उतरायचं नाही. हे निघण्याआधी घरी बसून बोललो, त्यामुळे जहाजावर वाद झाले नाहीत.

आजी-आजोबा सोबत असतील तर कागदपत्रांपासून सुरुवात करा. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे दुसऱ्या देशात नोंदलेल्या, जहाजाला अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत यायचं असेल तर १८८६ च्या कायद्यामुळे वाटेत परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणून न्यूयॉर्कहून निघणाऱ्या शरद ऋतूतल्या क्रूझ कॅनडातल्या हॅलिफॅक्स आणि सेंट जॉनला जातात, आणि सिएटलहून निघणाऱ्या अलास्काच्या क्रूझ कॅनडातल्याच व्हिक्टोरियाला थांबतात. भारतीय पासपोर्टवर आलेल्या आई-वडिलांना त्यासाठी कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, अमेरिकेचा असून भागत नाही. मेक्सिकोच्या बाबतीत अमेरिकेचा चालू व्हिसा पुरतो. तुमचा स्वतःचा व्हिसा स्टॅम्प संपलेला असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. आई-वडिलांच्या व्हिजिटर विम्यात क्रूझ धरली आहे का, तेही लेखी विचारून घ्या. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल थेट खोलीच्या खात्यात चढतं आणि उतरण्याआधी भरावं लागतं. सासऱ्यांचं रक्तदाब तपासून गोळी बदलून देण्याचंही बिल आलं होतं. आम्ही वेगळा प्रवास विमा काढला होता, त्यामुळे कागद पाठवल्यावर ते पैसे परत मिळाले.